मदत हवी आहे: ४२व्या वर्षी १५ महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स करावा का? (न्यू जर्सी)

नमस्कार. तीन आठवड्यांत कॉलेजला होकार किंवा नकार कळवायचा आहे आणि घरात बोलून बोलून डोकं शिणलं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षं नोकरी केली. नवऱ्याच्या कामामुळे इथे आलो आणि एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, माझी बरीच वर्षं घरातच गेली. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. लगेच ९० तासांचा नर्स एडचा (नर्सच्या मदतनिसाचा) कोर्स केला. आता शनिवार-रविवार एका नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्धांची देखभाल करणारी संस्था) कामाला जाते.

तिथे एक मराठी आजी आहेत. ताट तसंच परत जायचं आणि फाइलमध्ये ‘जेवायला नकार’ एवढीच नोंद व्हायची. एका रविवारी त्यांच्याशी गप्पा मारताना त्या सहज म्हणाल्या, “अगं, नको कशाला म्हणेन? घास घशात अडकतो.” मी ड्युटीवरच्या नर्सला सांगितलं, गिळण्याची तपासणी झाली, जेवण मऊ करून द्यायला लागले आणि आजी जेवू लागल्या. पण माझं काम सांगण्यापाशीच संपलं. तपासणं, डॉक्टरांना फोन करणं, औषध देणं यातलं काहीही मला करता येत नाही. त्या दिवसापासून नर्स व्हायचं मनात पक्कं आहे. प्रश्न आहे तो वाटेचा.

ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आहे त्यांच्यासाठी इथे ‘अ‍ॅक्सिलरेटेड बी.एस.एन.’, म्हणजे नर्सिंगची वेगवान पदवी असते. एका खाजगी कॉलेजाने मला घ्यायची तयारी दाखवली आहे. १५ महिने, थिअरी ऑनलाइन, लॅब आणि क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) प्रत्यक्ष. फी ६८,००० डॉलर. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन हे विषय आधी करावे लागतील, तेही त्यांच्याचकडे, वेगळे पैसे भरून. पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) मिळणार नाही, कारण आधीची पदवी भारतातली असली तरी ती पदवीच धरतात. सरकारी कर्जाला वर्षाला १२,५०० डॉलरची मर्यादा आहे. उरलेलं खाजगी कर्ज, नवऱ्याच्या सहीवर. आणि कोर्स चालू असताना नोकरी करू नका, असं ते स्वतःच सांगतात.

दुसरी वाट कम्युनिटी कॉलेजची (कमी फीचं स्थानिक सरकारी कॉलेज), दोन वर्षांची असोसिएट डिग्री. फी याच्या पाव हिश्शाच्या आसपास. पण आधीचे विषय, मग प्रवेशासाठी चढाओढ, असं सगळं धरून साडेतीन वर्षं. म्हणजे मी ४६ची होईन. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांनी तिची कॉलेजची फी सुरू. नवरा म्हणतो, “तू कर, बघू आपण.” त्याच्या त्या ‘बघू’चंच मला ओझं वाटतं.

दोन्हीकडून शेवटी लायसन्ससाठीची एन्क्लेक्स परीक्षा एकच आणि आर.एन.चं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्सही एकच. मग हे दोन वर्षं वाचवणं एवढ्या पैशांचं आहे का? कोणी या वयात केलं असेल तर कृपया मोकळेपणाने लिहा.

— सायली_एनजे

*

ताई, मी ३९व्या वर्षी टेक्सासमध्ये १५ महिन्यांचा कोर्स केला. नर्सिंग अवघड आहे म्हणून नव्हे, श्वास घ्यायला जागा नसते म्हणून दमछाक होते. आठवड्याला दोन परीक्षा, १२ तासांचे क्लिनिकल आणि आमच्याकडे ७८ टक्क्यांच्या खाली गेलं की तो विषय गेला. साध्या कोर्समध्ये नापास झालेला विषय पुढच्या सत्रात करता येतो. इथे अख्खी बॅच पुढे निघून जाते आणि कर्ज मात्र मागे राहतं. आमच्यातल्या दोघी अशाच मागे राहिल्या, एकीचं मूल आजारी पडलं एवढंच निमित्त झालं.

म्हणून कॉलेजला एकच प्रश्न लेखी विचारा: सुरुवातीला किती जण होते आणि ठरलेल्या वेळेत किती जण बाहेर पडले? एन्क्लेक्सच्या निकालाचा आकडा ते स्वतःहून सांगतात, पण परीक्षेला बसेपर्यंत कच्चे विद्यार्थी आधीच गळालेले असतात. क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात आणि घरापासून किती लांब, हेही विचारा. मान्यता सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन.ची आहे ना, हे त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता त्या संस्थांच्याच यादीत बघा.

मला पश्चात्ताप नाही. पण सासूबाई ते १५ महिने इथे येऊन राहिल्या होत्या, आणि ते हिशेबात धरल्याशिवाय माझं उदाहरण घेऊ नका.

— कोरांटी

*

मी दुसऱ्या वाटेने गेले. क्वीन्समध्ये असोसिएट डिग्री, मग आर.एन., आणि नोकरी करता करता ऑनलाइन बी.एस.एन. त्या फीचा मोठा भाग हॉस्पिटलने दिला. न्यूयॉर्कमध्ये २०१७च्या कायद्याप्रमाणे नव्या आर.एन.ना दहा वर्षांत बी.एस.एन. करावंच लागतं, त्यामुळे ही वाट इथे रुळलेली आहे. एक तोटा सांगते: मोठी, नावाजलेली हॉस्पिटलं नवीन नर्स घेताना बी.एस.एन.वाल्यांना आधी बोलावतात. मला पहिली नोकरी नर्सिंग होममध्येच मिळाली. तुम्ही आत्ताच तिथे आहात, म्हणजे तुम्हाला ते खटकणार नाही असं वाटतं.

पण उशिराचीही किंमत असते. २०२४च्या सरकारी आकडेवारीत आर.एन.चा मध्यम पगार वर्षाला ९३,६०० डॉलर आहे. दोन वर्षं आधी कमावायला लागलात तर फीतला फरक बराच भरून निघतो. मात्र पहिल्या फटक्यात पार पडलात तरच.

आणि खाजगी कॉलेज की कम्युनिटी कॉलेज, एवढ्या दोनच वाटा का? रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठातही दुसऱ्या पदवीवाल्यांसाठी हा कोर्स आहे. तिथे अर्ज केलात का?

— निशिगंध७

*

थोडं विषयांतर: भारतातून बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. करून आलेल्यांनी हा धागा वाचून घाबरू नये. तुम्हाला इथली पदवी पुन्हा करायची सहसा गरज नसते. कागदपत्रांची पडताळणी करून थेट एन्क्लेक्सला बसता येतं. माझी बहीण मिरजेत शिकली आणि तशीच लागली.

— कृष्णाकाठ

*

सगळ्यांचे मनापासून आभार. कोरांटीताई, तुमचा प्रश्न मी लेखी पाठवला. कॉलेजचा फोन रोज यायचा, पण या ई-मेलला सहा दिवस उत्तर नाही. शेवटी मीच फोन केला. किती जण वेळेत बाहेर पडले ते सांगता येणार नाही म्हणाले, आणि क्लिनिकल ७० मैलांपर्यंत कुठेही लागू शकतं म्हणाले. पहाटे साडेसहाच्या शिफ्टला ७० मैल, आणि मुलगी बारावीत. रात्री आम्ही तिघं टेबलाशी बसलो आणि डिपॉझिट भरायचं नाही असं ठरवलं.

वेगवान कोर्सवर मात्र फुली मारलेली नाही. निशिगंधताई, रटगर्सचं मला सुचलंच नव्हतं. एम.एस्सी.ची वर्षं धरल्यामुळे माझी पदवी इथल्या चार वर्षांच्या बरोबरीची ठरली आहे. जुने विषय बरेच मागचे असल्याने पुन्हा करावे लागतील, पण ते दोन्ही वाटांना तेच लागतात. म्हणून येत्या सत्रात एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात संध्याकाळी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग घेते. शनिवार-रविवारची नोकरीही चालू राहील. त्या वर्गात माझा निभाव कसा लागतो हे बघूनच वेग ठरवीन.

आता एक शेवटचा प्रश्न. दुसरा भाग उन्हाळ्यात ऑनलाइन लॅबसह घेतला तर सरकारी विद्यापीठं तो धरतात का, की लॅब प्रत्यक्षच हवी? ज्यांनी गेल्या एक-दोन वर्षांत अर्ज केला असेल त्यांनी कृपया सांगा. नोंदणी पुढच्या शुक्रवारी आहे.

— सायली_एनजे