मदत हवी आहे: खासगी निवासाची तपासणी कोण करतं?

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मावशी आणि तिचा बौद्धिक दिव्यांग मुलगा पैसे भरून एका खासगी निवासात राहतात. तीन खोल्यांत 14 जण, वर पत्रा (मे महिन्यात!), रात्री सांभाळायला कोणी नाही. मालकांशी दोनदा बोललो. ते धर्मादायचा दाखला पुढे करतात. ती तर ट्रस्टची नोंदणी. नगरपालिकेत फक्त घरपट्टीची नोंद सापडली. मी सुरतला नोकरीला, त्यांना लगेच आणू शकत नाही. निवासाला एकदम कुलूप लागून बाकीचे रस्त्यावर यावेत असंही नको.

दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 50 ची नोंदणी (दिव्यांगांच्या संस्थांसाठी असते ती) वृद्ध-दिव्यांग एकत्र असलेल्या निवासालाही लागते का? आणि तपासणीचा अर्ज कोणाकडे द्यायचा, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांकडे की समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे?