मोटरहोमसाठी सॅटेलाइट रेडिओ: कोणता घेऊ?

एडिसनकर:
जूनमध्ये आई-बाबा येतायत. त्यांना आमच्या जुन्या २८ फुटी मोटरहोमने (राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेणार आहोत. मागच्या खेपेला वायोमिंगमध्ये फोनची रेंज गेली आणि रेडिओचं ॲपही गप्प झालं. बाबांना तर बातम्या लागतातच. म्हणून सिरिअसएक्सएम (उपग्रहावरून ऐकू येणारा वर्गणीचा रेडिओ) घ्यायचं नक्की केलंय. डॅशबोर्डमध्ये कायमचा बसवू की काढता-घालता येणारा? आणि अँटेना कुठे लावू?

ओहायोतली ताई:
काढता येणाराच घे रे. आमचा एकच रेडिओ कारमध्ये, मोटरहोममध्ये आणि घरीही चालतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा डॉक (रेडिओ अडकवायची बैठक) ठेवलाय, वर्गणी मात्र एकच. आवाजासाठी रेडिओपासून गाडीच्या स्टिरिओला ऑक्सची (आवाज नेणारी) वायर जोड. वायरीऐवजी एफएमच्या लहरींवरून स्टिरिओला पाठवलास तर शहराजवळ खरखर होते.

टेक्सासचे काका:
अँटेना चुंबकाने चिकटते, पण फायबरग्लासच्या किंवा रबराच्या छपरावर चुंबक धरत नाही. मी पोलादी पत्र्याचा तुकडा सीलंटने बसवून त्यावर ठेवली आहे, एसीपासून लांब, पुढच्या टोकाला. छपराला भोक पाडण्याआधी वायर खिडकीतून घेऊन एक दिवस गाडी चालवून बघ. माझं एक भोक चुकलं आणि पावसात पलंग भिजला! दक्षिणेकडचं आकाश मोकळं हवं. दाट पाइनखाली मुक्काम केलास की आवाज तुटतो.

एडिसनकर:
काका, पत्र्याचं सुचलंच नसतं. शनिवारी छपरावर चढतो.

ओहायोतली ताई:
बाबांची नाट्यगीतं फोनमध्ये आधीच उतरवून ठेव हं.