किनाऱ्यालगतचं भूजल: आधी उपसा आवरायचा की पाणी जिरवायचं?

ओहोटी: बोअरला मचूळ पाणी लागलं की लगेच शोषखड्ड्यांची टूम निघते. माझं म्हणणं, आधी उपसा कमी करा. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. गायबेन-हर्झबर्ग नियमाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. पातळी अर्धा मीटर उतरली आणि तशीच राहिली, की खारं पाणी २० मीटर वर येणार. चार खड्ड्यांनी ते कसं भरून निघेल?

पाणाड्या: उपसा कमी कुणी करायचा? मोठे पंपवाले ऐकत नाहीत, घरच्या विहिरीवाल्यावर मात्र बडगा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत १९७०च्या दशकापासून किनाऱ्याजवळ विहिरींची रांग करून शुद्ध केलेलं सांडपाणी जमिनीत सोडतात. त्या दाबाने समुद्र अडतो, मागे उपसाही चालू राहतो.

ओहोटी: अर्धीच गोष्ट सांगितलीत! तिथे उपशाच्या मापाने पैसेही मोजावे लागतात. आणि पाणी सोडणं थांबलं की समुद्र पुन्हा आत.

कातळ: दोघांनाही एक शंका. ती ४० पट वाळूच्या सलग थरात ठीक आहे. कातळात खारं पाणी भेगांतून येतं. शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एक गोडी, एक खारी निघते. आधी मोजा तरी. तेही वरवर बादली बुडवून नको, कारण वरचं पाणी बहुतेकदा गोडंच लागतं. नमुना वेगवेगळ्या खोलीवरून घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतर.

ओहोटी: मोजाच, पण मोजत बसू नका. समुद्राचं पाणी २ टक्के मिसळलं तरी क्लोराइड लिटरला ३८० मिलिग्रॅमच्या घरात जातं. २५०च्या पुढे चव बिघडायला लागते. जोरात उपसलं की पंपाखालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. पंप बंद केल्यावर ते खाली बसायला फार वेळ घेतं.

पाणाड्या: शंकूचं पटलं. मग एका खोल बोअरऐवजी उथळ विहिरी लांब लांब खोदून हळूहळू उपसा करू, त्याला माझी ना नाही. पण मीटर बसवायची वेळ आली तर सुरुवात मोठ्या पंपांपासून. नाहीतर माझा विरोध कायम.