मदत हवी आहे: शॉर्ट फिल्ममध्ये तरंगणारा चहा कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. ठाण्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी एक हलकीफुलकी शॉर्ट फिल्म करतोय. अवकाश स्थानकावरचे दोघं, परतीचं यान लांबलेलं, भांडता भांडता सूर जुळतात. स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती फेरी मारतं, म्हणजे दिवसाला सुमारे १६ सूर्योदय. 'उद्या सकाळी सांगतो' म्हणणाऱ्या नायकाची त्यात फार पंचाईत होते.

अडलंय चहापाशी. नायिका पाऊचमधून थोडा कोरा चहा सोडते. पृष्ठताणामुळे त्याचा गोळा होतो, थरथरत त्याच्याकडे जातो आणि त्यातून तिला त्याचा चेहरा उलटा दिसतो. फिल्मचा जीव याच शॉटमध्ये आहे, तो गाळायचा नाहीये.

माणसांचं तरंगणं चाकांच्या स्टुलावर बसवून, कमरेवरची फ्रेम घेऊन छान जमलंय. जिलेटिनचा गोळा तंगुसाला टांगून पाहिला: दोरा चमकतो, गोळा थरथरत नाही. ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फ्लुइड सिम्युलेशन (द्रवाची हालचाल गणिताने काढणं) लावलं की लॅपटॉप बसतो (८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही).

शूटिंग घोडबंदर रोडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, त्यामुळे छताला हुक मारता येणार नाहीत. कॅमेरा फोनचा, ४के. सॉफ्टवेअर फुकटचंच हवं, एआयने बनवलेला शॉट नको. शॉट जेमतेम पाच सेकंदांचा आहे.

सिम्युलेशन टाळून, ब्लेंडरमधल्या साध्या गोलाला हलतं डिस्प्लेसमेंट (पृष्ठभागाला उंचसखलपणा देणं) आणि काचेसारखं मटेरियल दिलं, तर मागचा उलटा चेहरा खरा वाटेल का? त्यासाठी नायकाचा वेगळा शॉट घ्यावा लागेल का?