शब्दचर्चा: विनोदी विज्ञानपटाला ‘अस्तित्ववादी’ म्हणावं का?

पत्रकवाली
आमच्या फिल्म क्लबात दोन लघुपट एकापाठोपाठ दाखवायचे आहेत. पहिला नेदरलँड्सच्या व्हिक्टोरिया वार्मरडॅम यांचा ‘आय ॲम नॉट अ रोबॉट’ (२०२३). २२ मिनिटांचा आहे, २०२५ साली ऑस्कर मिळालं. दुसरा डॉन हर्ट्झफेल्ट यांचा ‘वर्ल्ड ऑफ टुमारो’ (२०१५), १७ मिनिटांचा ॲनिमेशनपट. पत्रकात मी ‘दोन अस्तित्ववादी विनोदी विज्ञानपट’ असं लिहिलं, तर आमचे अध्यक्ष ‘अस्तित्ववादी’वर अडून बसलेत. आणखी एक, ‘ॲब्सर्ड’ला तुम्ही काय म्हणता? असंगत, निरर्थक की विसंगत?

जुनेपाने
अध्यक्षांच्या बाजूने माझं एक मत. ‘-वादी’ लागलं की ती व्यक्ती किंवा कृती एखादा वाद मानते असं आपण धरतो: समाजवादी, गांधीवादी. यंत्राला ‘मी कोण?’ असा प्रश्न पडला एवढ्याने चित्रपट अस्तित्ववादी होत नाही. देवळात गेलेला प्रत्येक जण कुठे अद्वैतवादी असतो? ‘अस्तित्वाचे प्रश्न विचारणारे’ असं लिहा. दोन शब्द वाढतील, वाढू देत.

तळटीप
जुनेपाने, तुमचा नियम बरोबर, पण पहिल्या लघुपटाला तो लावून पाहा. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा, शेवट फुटेल.)

२९ ऑक्टोबर १९४५ ला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी पॅरिसमध्ये अस्तित्ववादावर जे व्याख्यान दिलं, त्यात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण आहे. कारागिराच्या डोक्यात सुरीचं प्रयोजन आधी असतं, सुरी नंतर घडते. माणसाचं उलटं: तो आधी असतो, आणि आपण कोण हे जगता जगता, निवडी करत ठरवतो. मराठीत हे सूत्र ‘अस्तित्व सत्त्वाच्या आधी’ असं सांगतात. ‘सत्त्व’ म्हटलं की आपल्याला नाचणीचं सत्त्व आठवतं, म्हणून मी इथे ‘प्रयोजन’च म्हणेन.

आता पहिल्या लघुपटातली लारा बघा. संगीतक्षेत्रात काम करणारी साधी बाई. संगणकावर ‘मी रोबो नाही’ची चाचणी वारंवार नापास होते, तक्रार करायला फोन लावते आणि पलीकडून शांतपणे विचारणा होते की तुम्ही खरंच रोबो तर नाही ना? पुढे कळतं की तिच्या जोडीदाराने तिला ऑर्डर देऊन मागवलंय. म्हणजे ती सार्त्रची सुरी निघाली! प्रयोजन आधी, ती नंतर. तरीही ती अडून बसते की माझं काय करायचं ते मीच ठरवणार, मरायचं की नाही हेसुद्धा. आणि तेवढ्यापुरतीही मोकळीक तिच्या बनावटीत ठेवलेली नाही. हा लघुपट सार्त्रच्या सूत्राशी थेट भांडतो. त्याला ‘अस्तित्ववादी’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण वाद इथे खरोखर घातलेला आहे.

जुनेपाने
कोर्टातल्या अर्थानेही लारा वादीच, फक्त प्रतिवादीकडे खरेदीची पावती आहे. ठीक, पहिला मान्य. पण दुसऱ्यात तर चार वर्षांची मुलगी बागडत असते.

तळटीप
दुसऱ्याला मी तो शब्द लावणार नाही. तिथे कुणी काही निवडतच नाही. लहान एमिलीला २२७ वर्षांनंतरच्या भविष्यातून तिचीच प्रतिकृती भेटायला येते आणि आपलं आयुष्य सपाट आवाजात सांगत जाते. एमिलीचा आवाज हर्ट्झफेल्ट यांच्या चिमुकल्या भाचीचा आहे. तिला संवाद पाठ करायला लावले नाहीत. ती चित्रं काढत, खेळत जे बडबडली ते ध्वनिमुद्रित करून त्याभोवती पटकथा रचली. त्यामुळे एक जण मृत्यूबद्दल बोलतेय आणि दुसरीचं लक्षच नाही, हे त्या लघुपटाचं सगळं इंजिन.

त्यातले चंद्रावरचे रोबो मला सर्वांत आवडतात. ते सौरऊर्जेवर चालतात, म्हणून सतत उजेडात सरकत राहायला हवेत. मग प्रतिकृती-एमिली त्यांना मरणाची भीती शिकवते. म्हणजे देखभालीची सोय म्हणून बसवलेली भीती! पुढे चंद्रावरची योजनाच बारगळते, माणसं निघून जातात, रोबो मात्र उजेडामागे चालत राहतात आणि खिन्न कविता पाठवतात. हसू येतं, आणि त्याच क्षणी आपल्याला कुणी काय शिकवून ठेवलंय असं वाटून जातं.

आता ‘ॲब्सर्ड’. ‘निरर्थक’ नको. निरर्थक म्हणजे अर्थच नाही, विषय संपला. ‘असंगत’ नाटकाच्या समीक्षेत रुळलेला आहे, चालेल. पण माझं मत ‘विसंगत’ला. फ्रेंच लेखक काम्यू १९४२ च्या निबंधात सांगतो की ॲब्सर्डपणा एकट्या माणसात नाही, एकट्या जगातही नाही. माणूस अर्थ मागतो, जग गप्प राहतं, आणि दोघं समोरासमोर असतात तोवरच तो असतो. न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकत्र नांदणं, हीच तर विसंगती. आणि विनोद कशातून निर्माण होतो म्हणून शाळेत शिकवतात? विसंगतीतूनच. मराठीत दोन्ही घरांना एकच दार आहे, ते वापरायचं सोडून आपण ‘ॲब्सर्ड’ कशाला घासत बसलोय?

नाट्यवेडा
अगदी. याला विज्ञानकथाच लागते असंही नाही. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ (१९७४) घ्या. भाऊराव मेलेले आहेत आणि स्वतःच कीर्तन करतायत, शिवाय दहन जुन्याच स्मशानात व्हावं हा हट्ट. तिथे कुणी ‘अस्तित्ववादी’ म्हणत बसलं नाही, लोक हसले आणि मग गप्प झाले.

बाकी ‘ब्लॅक कॉमेडी’ला ‘कृष्णसुखात्मिका’ लिहू नका, पत्रक वाचून लोक दहीहंडीला आल्यासारखे येतील. ‘काळा विनोद’ पुरे.

पत्रकवाली
तळटीप, हे सगळं पत्रकात बसणार नाही हो, मला चारच ओळी दिल्यात! पण नाव कसं देऊ? डच लघुपटाचं ‘मी यंत्रमानव नाही’ करावं असं एका ताईंनी सुचवलंय.

जुनेपाने
नको. ‘यंत्रमानव’ शब्दात ‘मानव’ आधीच बसलाय, मग लाराची निम्मी तक्रार शीर्षकातच मान्य होऊन जाते. ‘रोबॉट’ शब्द चेक लेखक कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. लाराला तोच लागू पडतो. शिवाय ते वाक्य रोज चौकटीत बरोबरची खूण करताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘मी रोबो नाही’ लिहा.

अनुस्वार
रोबो की रोबॉट ते एकदा ठरवा, वर दोन्ही दिसतायत. अनेकवचन ‘रोबो’च, ‘रोबोज’ नको. आणि ‘लघुपट’ म्हटल्यावर आमच्या पिढीला सिनेमाआधीचा सरकारी माहितीपट आठवतो, तेव्हा कथा आहे हे कळू द्या.

पत्रकवाली
असं केलंय: ‘दोन विनोदी विज्ञानकथा-लघुपट. एकीला कळतं की आपण ऑर्डर देऊन मागवलेलो आहोत. दुसरीला भविष्य भेटायला येतं आणि ती खेळत राहते. एकूण ३९ मिनिटं.’ ‘अस्तित्ववादी’ काढला, अध्यक्ष खूश.

तळटीप
पहिल्यापुरता तरी ठेवायचा होता.

अनुस्वार
‘मागवलेल्या आहोत’ की ‘मागवलेलो आहोत’? लाराच्या तोंडी ‘आपण’ आहे, म्हणून दुसरंच बरोबर. जाऊ द्या छपाईला.