मदत हवी आहे: घराचा कोपरा खचलाय, अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली खोदून नवा खोल पाया घालणं) करू की अजून थांबू?

तळमजला अधिक एक, भारवाही विटांच्या भिंती, दगडी पाया 1.2 मीटर खोल, खाली काळी चिकण माती. मागच्या कोपऱ्याजवळ जिन्यासारखी तिरपी भेग आहे, वर 6 मिमी, जोत्याशी केसाएवढी. प्लास्टर खरवडून पाहिलं, विटांच्या सांध्यांतूनच गेली आहे. लेव्हल ट्यूबने कोपरा 18 मिमी खाली भरतो.

भेगेवर चिकटवलेली काचपट्टी तडकली. मग दोन्ही बाजूंना खिळे ठोकून व्हर्नियरने मोजतोय: उन्हाळ्यात रुंदावते, पावसात थोडी मिटते, पण वर्षभरात 1.5 मिमी वाढलीच. गच्चीचा पाईप पायाशी सुटत होता, तो लांब नेला. ड्रेनेज तपासलं, गळती नाही. भेग मुद्दामच बुजवलेली नाही. 3 मीटरवर मोठं झाड आहे. एकदम तोडलं तर मुळांनी पाणी ओढणं थांबून माती फुगेल, म्हणून हात लावलेला नाही.

आतून खोदता येणार नाही, वरचा मजलाही रिकामा होणार नाही. बाहेरून एकाआड एक, 1 मीटरच्या टप्प्यांत अंडरपिनिंग करायचं तर भेगेच्या पुढे किती लांबीपर्यंत न्यावं, म्हणजे जुन्या-नव्या पायाच्या सांध्यावर नवी भेग पडणार नाही? की आधी रूट बॅरियर (झाडाची मुळं अडवणारा जमिनीतला उभा आडोसा) घालून आणखी एक पावसाळा मोजावं?