मदत हवी आहे : ‘बिलव्हेड’मधील एका स्वगताविषयी

नमस्कार. धरमपेठेतील आमच्या वाचनगटात मला अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीवर बोलायचे आहे. १८५६ मध्ये अमेरिकेतील केंटकीहून पळालेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने, मुलीला पुन्हा गुलामीत जावे लागू नये म्हणून, पकडले जाताना तिला ठार केले, या घटनेवरून ती सुचली आहे. कादंबरीतली आई सेथ हीही आपल्या मुलीला असेच मारते; तिच्या कृत्याचा निवाडा लेखिका देत नाही, हे मला योग्यच वाटते (घाई आपल्यालाच असते). अडचण दुसऱ्या भागातील, जवळजवळ विरामचिन्हांविना येणाऱ्या बिलव्हेडच्या (सेथच्या घरी आलेल्या गूढ तरुणीच्या) स्वगताची आहे : तिथे सेथची मेलेली आणि आता परतलेली मुलगी बोलते, की गुलामांच्या जहाजांवर मेलेले सारे? जाणकारांनी कृपया आपले वाचन सांगावे. शिवाय अटलांटिक गुलामव्यापारावर मराठी किंवा हिंदीत विश्वसनीय पुस्तक असल्यास आणि ते नागपुरातील एखाद्या ग्रंथालयात मिळत असल्यास तेही कळवावे.